फ्रिजियन गाव आणि गेमेंटे: नकाशावरून नेमकं काय पुसलं जातं?

१ जानेवारी २०१८ रोजी लिटेन्सराडील नाहीसं झालं, असं वाचलं की धरणात बुडालेली गावं आठवतात. पण नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या फ्रिसलान प्रांतात गाव वेगळं आणि गेमेंटे, म्हणजे अनेक गावांचा कारभार एकत्र पाहणारी स्थानिक संस्था, वेगळी. लिटेन्सराडील ही गेमेंटे होती, २९ गावांची, कचेरी वोमेल्सला. ती मोडल्यावर गावांची वाटणी झाली: वोमेल्स सुदवेस्ट फ्रिसलान या गेमेंटेकडे, मंटगुम लेऊवार्डन शहराच्या गेमेंटेकडे, विन्सुम वाडहुके या नव्या गेमेंटेकडे. घरं, चर्चचा मनोरा, कुरणं सगळं जागच्या जागी राहिलं.

आपल्याकडची गट ग्रामपंचायत डोळ्यांसमोर आणली तर थोडा अंदाज येतो. फक्त तिथे एका गटात डझनावारी गावं असतात, आणि वर तालुका-जिल्हा नसून थेट प्रांत. कर, बांधकाम परवाने, निवडून आलेली परिषद हे सगळं गेमेंटेचं. तिच्या प्रमुखाची, बुर्गमास्टरची, नेमणूक राजाच्या हुकुमाने होते. गावाकडे यातलं काहीच नाही. त्याच्याकडे असतं ते ‘डोर्प्सबेलांग’, म्हणजे गावकऱ्यांनी स्वतः चालवलेलं मंडळ. बस बंद होऊ नये, मुलांना खेळायला जागा हवी, असं ते गेमेंटेपुढे मांडतं. त्याला कर बसवता येत नाही.

मग गेमेंटे जोडतात कशाला? २०१५ पासून अडचणीतल्या मुला-तरुणांची मदत, घरी राहणाऱ्या वृद्धांना आधार अशी मोठी कामं सरकारने गेमेंटेंवर सोपवली. छोट्या कचेऱ्यांना ती पेलेनात. कारण खरं आहे, पण माझ्या मते किंमत गावंच मोजतात. जिथे परिषदेतला माणूस वाटेत भेटायचा, तिथे तो आता दूरच्या शहरात बसतो, आणि शंभर माणसांच्या गावाचं मत त्या मोठ्या गर्दीत फार हलकं पडतं. एकाच गेमेंटेत वाढलेली मंटगुम आणि विन्सुम आज वेगवेगळ्या परिषदांना मत देतात.

नावं मात्र टिकतात. ग्राउ हे गाव २०१४ मध्ये लेऊवार्डनमध्ये गेलं, तरी अधिकृत नाव फ्रिजियन या तिथल्या भाषेतलंच आहे.

हेगेबाइंटम या गावाचं पाहा. समुद्र अडवणारे बांध नव्हते त्या काळी लोकांनी रचलेल्या उंचवट्यावर, टेर्पवर, ते वसलंय. जवळजवळ ९ मीटरचा हा टेर्प देशात सर्वांत उंच. २०१९ मध्ये त्याची गेमेंटे बदलली. पूर्वी कारभार शेजारच्या फेर्वेर्टहून चालायचा, आता दोक्कुमहून.