ट्रान्समीटरमुळे टीव्ही फुटतोय? गोव्यात अर्ज कोणी, कुठे आणि कोणत्या कागदांसह करायचा

चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो, पडद्यावर ‘सिग्नल नाही’ येते आणि थोड्या वेळाने सगळे पूर्ववत होते. रोज ठराविक वेळी असे होऊ लागले की घरातली मंडळी आधी केबलवाल्याला फोन करतात, मग समोरच्या मोबाइल टॉवरकडे बोट दाखवतात. वाड्यावर कुणी हॅम रेडिओवाला, म्हणजे छंद म्हणून घरून रेडिओवर बोलणारा, असेल तर त्याच्याशी बोलणेच बंद होते. पुढे पंचायतीत अर्ज जातो. पंचायतीच्या हातात यातले काहीच नसते, त्यामुळे तो तिथेच पडून राहतो.

माझा आग्रह एकच आहे. त्रास नेमका कुठून शिरतो ते कागदावर आल्याशिवाय अर्ज लिहू नका. वायरमधून शिरणाऱ्या त्रासाचे कार्यालय वेगळे, विजेच्या खांबावरून येणाऱ्याचे वेगळे आणि खरोखर ट्रान्समीटरच्या (रेडिओ लहरी सोडणाऱ्या यंत्राच्या) चुकीमुळे होणाऱ्याचे तिसरेच. चुकीच्या दारात गेलेला अर्ज महिना-दोन महिने फिरतो आणि शेवटी ‘आमच्या अखत्यारीत येत नाही’ एवढ्या एका ओळीचे उत्तर येते.

आधी तुमचा टीव्ही कशावर चालतो ते पाहा

दूरदर्शनचे गच्चीवरच्या एरियलने दिसणारे जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने बंद झाले. त्यामुळे चित्रावर आडव्या रेघा, सावल्या, त्यावरचे जुने उपाय हे आता बहुतेक घरांना लागू नाहीत. आज गोव्यातल्या घरात केबल असते, पैसे भरून घेतलेली डीटीएच असते, नाहीतर डीडी फ्री डिशची छत्री.

केबलच्या वायरीत साधारण ४७ ते ८६२ मेगाहर्ट्झचे सिग्नल धावतात. या पट्ट्यात बाहेरच्या हवेत बरेच काही असते. एफएम रेडिओ ८७.५ ते १०८ वर, हॅमवाल्यांचा दोन मीटरचा पट्टा १४४ ते १४६ वर, जेटीवरच्या बोटी बोलतात ते सागरी चॅनल १६ म्हणजे १५६.८ वर आणि मोबाइलचे काही पट्टे ७०० ते ८०० च्या घरात. वायर आणि जोड धड असतील तर हे बाहेरच राहते. वायरीचे जाळीदार कवच तुटले की वायरच अँटेना होते.

छत्रीचे गणित वेगळे आहे. उपग्रहावरून येणारी लहर १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झची असते आणि तिला जमिनीवरचा रेडिओ सहसा त्रास देत नाही. पण एलएनबी, म्हणजे छत्रीच्या तोंडाशी बसवलेली डबी, तिला खाली उतरवून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये वायरीतून बॉक्सपर्यंत पाठवते. मोबाइल टॉवरचा १८०५ ते १८८० हा पट्टा नेमका त्याच्याच मध्ये येतो आणि २११० ते २१७० चाही मोठा भाग. म्हणून टॉवरजवळच्या घरात छत्री बरोबर लागलेली असूनही सैल जोडामुळे काही ठराविक वाहिन्या फुटतात.

या ‘ठराविक’ शब्दावर बरेच काही ठरते. सगळ्या वाहिन्या एकदम जात असतील तर छत्री हललेली असते, माडाची झावळ मध्ये आलेली असते किंवा आषाढातला धो-धो पाऊस असतो. तो पावसाचा दोष आहे, त्यावर अर्ज चालत नाही. नेहमी त्याच सात-आठ वाहिन्या जात असतील आणि बाकीच्या स्वच्छ दिसत असतील, तर बाहेरची एखादी फ्रिक्वेन्सी आत येत आहे असे समजायला जागा आहे. आणि संपूर्ण वाड्यावर सगळ्यांच्याच केबलवर त्याच वाहिन्या जात असतील, तर घरात शोधू नका. केबलवाल्याच्या मोठ्या छत्र्या बहुधा ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्झवर घेतात आणि २०२२ च्या लिलावात ५जीला दिलेला ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झचा पट्टा त्याच्या शेजारीच आहे. तिथे फिल्टर बसवणे केबलवाल्याचे काम आहे.

घरची तपासणी, अर्जाच्या आधी

समुद्राकाठच्या घरात मी सगळ्यात आधी छत्रीमागचा कनेक्टर उघडून पाहतो. खारे वारे आणि चार महिन्यांची ओल. मधली तांब्याची तार हिरवी पडलेली असते, जाळी काळपट होऊन हाताने चुरते आणि कधी वायरीच्या तोंडातून पाण्याचे थेंब गळतात. अशी वायर असताना सरकारी पथकाने येऊन मोजणी केली तरी निष्कर्ष एकच निघणार, दोष तुमच्या वायरीत. नवी आरजी-६ वायर, दाबून बसवलेला एफ कनेक्टर, त्यावर पाणी रोखणारी रबरी टेप आणि भिंतीत शिरण्याआधी वायरीला खाली झोल, म्हणजे पाणी तिथून गळून जाईल. मधले जुने स्प्लिटर आणि बाजारातले स्वस्त बूस्टर काढून टाका. बूस्टर हवा तेवढाच सिग्नल वाढवत नाही, नको तोही वाढवतो आणि जवळच्या जोरदार ट्रान्समीटरने आधी तोच गुदमरतो.

मग वीज. घराचा मेन स्विच बंद करा आणि टीव्ही इन्व्हर्टरवर चालवा. त्रास थांबला तर घरातलेच काहीतरी, बहुधा एखादा एलईडी दिवा, चार्जर किंवा पंख्याचा रेग्युलेटर. एकेक सर्किट चालू करत गेलात की सापडतो. थांबला नाही तर इन्व्हर्टरही बंद करून शेजारच्यांना विचारा की त्यांच्याकडे काय दिसते. बॅटरीवरचा साधा रेडिओ मीडियम वेव्हवर लावून रस्त्यावरच्या खांबाजवळ न्या. खरखर वाढत गेली तर इन्सुलेटरवर मीठ साचून ठिणगी पडत असू शकते. त्याची तक्रार वीज खात्याकडे १९१२ वर, खांबाचा क्रमांक सांगून. खांबाला हात लावू नका, काठीने ठोकूनही पाहू नका.

टीव्ही बंद असताना किंवा एचडीएमआयवर असतानाही स्पीकरमधून कुणाचे बोलणे ऐकू येते का? येत असेल तर सिग्नलचा प्रश्नच नाही. स्पीकरच्या आणि विजेच्या तारा जवळच्या ट्रान्समीटरची लहर पकडत आहेत. त्या तारांवर फेराइटचे, म्हणजे रेडिओ लहर अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाचे, क्लिप लावले किंवा फेराइटच्या कड्यातून वायर आठ-दहा वेळा गुंडाळली की बहुतेक वेळा भागते. अशा बाबतीत सरकारकडे मागण्यासारखे फारसे काही नसते, हे आधीच कळलेले बरे.

शेजारी हॅम असेल तर

हॅम म्हणजे चोर नव्हे. त्याच्याकडे केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवाना असतो, तो परीक्षा देऊन मिळतो आणि त्याचे नियम १९७८ चे आहेत. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेली कुणीही व्यक्ती ती परीक्षा देऊ शकते. त्याचे कॉलसाइन (रेडिओवरचे ओळखनाव) व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होते, त्याने बोलण्याची नोंदवही ठेवायची असते आणि त्याच्या केंद्राने इतरांना उपद्रव होता कामा नये ही परवान्याचीच अट आहे.

म्हणून त्याच्याकडे भांडायला जाऊ नका, वही घेऊन जा. ‘काका, आज रात्री तुम्ही कधी बोलणार? मी टीव्हीसमोर बसून वेळ लिहितो,’ एवढे म्हटले तरी पुष्कळ. त्याने एका पट्ट्यावर पाच मिनिटे, मग दुसऱ्यावर, मग कमी पॉवरवर प्रसारण करायचे. तुम्ही चित्र कधी फुटले ते घड्याळ बघून लिहायचे. दोन नोंदी शेजारी ठेवल्या की उत्तर समोर येते. एकाच पट्ट्यावर त्रास होत असेल तर गुणाकार करून पाहा, कारण यंत्रातून मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट-तिप्पट लहरीही निसटू शकतात. २१.१ मेगाहर्ट्झची तिप्पट ६३.३ होते आणि ती केबलच्या पट्ट्यात पडते. तसे असल्यास त्याच्या यंत्राला लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) लागेल, तो त्याचा खर्च. सगळ्याच पट्ट्यांवर त्रास आणि पॉवर कमी केली की थांबतो, असे असेल तर त्याचे प्रसारण स्वच्छ असण्याची शक्यता जास्त. मग तुमच्या बाजूला हाय-पास फिल्टर (खालच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) आणि फेराइट लागते. ही जोडचाचणी दोघांच्या सह्यांनिशी कागदावर असेल तर पुढे कोणत्याही कार्यालयात तिला वजन येते.

अर्ज कोण करू शकतो, कुठे करायचा

डीटीएच किंवा केबलची तक्रार ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याने करावी. गोव्यात इथेच अडते, कारण जोडणी बऱ्याचदा बोटीवर किंवा आखातात असलेल्या मुलाच्या नावावर असते आणि घरात आईवडील. नोंदणीकृत मोबाइल नंबर घरातल्या माणसाचा करून घ्या, नाहीतर ओटीपी तिकडे जातो. भाडेकरूने स्वतःच्या नावावर जोडणी घेतली असेल तर तो अर्ज करू शकतो. इमारतीत सामाईक छत्री असेल तर हाउसिंग सोसायटीच्या सचिवाच्या सहीने अर्ज जावा.

पहिली पायरी कंपनीचे ग्राहक सेवा केंद्र. ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) २०१७ च्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार प्रत्येक तक्रारीला डॉकेट क्रमांक, म्हणजे नोंद क्रमांक, द्यावा लागतो. तो लिहून घ्या, ‘बघतो’ या उत्तरावर फोन ठेवू नका. तिथे सुटले नाही तर त्याच कंपनीच्या राज्यासाठीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, डॉकेट क्रमांकासह. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे थेट तिकडे पत्र पाठवून उपयोग नाही. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. फ्री डिशला मासिक वर्गणी नसते, त्यामुळे हा मार्ग तिथे फारसा लागू पडत नाही.

केबलवाला दाद देत नसेल तर उपजिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. १९९५ च्या केबल टीव्ही कायद्यात जिल्हाधिकारी आणि उपविभागीय दंडाधिकारी हे अधिकृत अधिकारी आहेत. त्याच कायद्याच्या कलम १० नुसार केबलच्या जाळ्याने अधिकृत दूरसंचार यंत्रणेत व्यत्यय आणायचा नसतो. वायरीतून बाहेर गळणारा सिग्नल विमानांच्या १०८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात जाऊ शकतो, म्हणून दाबोळी आणि मोपा विमानतळांच्या परिसरातल्या तुटक्या वायरीची तक्रार किरकोळ समजू नका.

घरची तपासणी झाली, कंपनीनेही दोष आपल्याकडे नाही असे लिहून दिले आणि वेळेची नोंद ट्रान्समीटरकडेच बोट दाखवते, तेव्हा दूरसंचार विभाग. त्यांच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस नियोजन व समन्वय) विंगखालची वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन ही संस्था १९५२ पासून फ्रिक्वेन्सींवर लक्ष ठेवते आणि व्यत्ययाचा उगम शोधते. घरच्या माणसासाठी सोपा मार्ग म्हणजे केंद्राचे सीपीग्राम्स हे तक्रार पोर्टल. तिथे दूरसंचार विभाग निवडा, कागदांची एकच पीडीएफ जोडा आणि मिळालेला नोंदणी क्रमांक जपून ठेवा.

संविधानाच्या कलम ३५० नुसार केंद्राच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याकडे मराठीतून निवेदन देण्याचा तुम्हाला हक्क आहे. अर्ज मराठीत लिहा, फक्त फ्रिक्वेन्सी आणि वेळा ठळक आकड्यांत द्या.

कोणते कागद

ओळखपत्र आणि घराचा पत्ता (घर क्रमांक, वाडा, पंचायत, तालुका), नकाशावरचे अक्षांश-रेखांश, ग्राहक क्रमांक किंवा बॉक्सचा व्हीसी (व्ह्यूइंग कार्ड) क्रमांक, शेवटचे बिल किंवा रिचार्जची पावती, डॉकेट क्रमांक, तंत्रज्ञाने भेट दिल्याची पावती, आणि निदान आठवडाभराची नोंद. सगळ्यात महत्त्वाची ती नोंदच. तारीख, सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, कोणत्या वाहिन्या, बॉक्सच्या सिग्नल पानावरचे स्ट्रेंथ आणि क्वालिटीचे आकडे, हवा कशी होती. स्ट्रेंथ चांगली आणि क्वालिटी कोसळलेली, हे व्यत्ययाचे बोलके लक्षण आहे, त्या पानाचा फोटो काढा.

अर्जाचा मजकूर एवढाच पुरे:

‘महोदय, वरील पत्त्यावर माझ्या डीटीएच जोडणीवर रोज सायंकाळी अमुक ते अमुक या वेळेत खालील वाहिन्या खंडित होतात, इतर वाहिन्या सुरळीत असतात. वायर व कनेक्टर नवीन बसवले आहेत. वीजपुरवठा बंद करून चाचणी केली असता त्रास कायम राहिला. कंपनीची तक्रार क्र. … व तंत्रज्ञाचा अहवाल सोबत जोडला आहे. व्यत्ययाचा उगम शोधून योग्य ती कारवाई व्हावी, ही विनंती.’

शेजाऱ्याचे नाव घालून आरोप करू नका. उगम शोधणे त्यांचे काम आहे. जोडचाचणीचा कागद असेल तर तो जोडा.

पैसे आणि वेळ वाया घालवणाऱ्या दोन गोष्टी

दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर जवळचे टॉवर दिसतात आणि चार हजार रुपये भरून किरणोत्सर्जनाची मोजणी मागवता येते. ही मोजणी आरोग्याच्या मर्यादेसाठी असते. तुमचा टीव्ही का फुटतो याचे उत्तर त्यात मिळत नाही.

दुसरी गोष्ट परदेशातून आणलेल्या सामानाची. तारवटी (बोटीवर काम करणारे) आणि आखातातली मंडळी कॉर्डलेस फोन, मोबाइल सिग्नल वाढवणारे रिपीटर घेऊन येतात. अमेरिकेतले डेक्ट पद्धतीचे कॉर्डलेस फोन १९२० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात आणि तो पट्टा इथे मोबाइलचा आहे. छतावरचा खासगी रिपीटर परवानगीशिवाय बसवता येत नाही आणि जॅमर (सिग्नल अडवणारे यंत्र) परवानगीशिवाय बाळगणे तर दूरसंचार कायदा, २०२३ नुसार गुन्हा आहे. अर्ज करण्याआधी आपल्याच घरात असे काही चालू आहे का ते पाहा, कारण पथक आले तर आधी तेच सापडेल.

ऑगस्ट २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सीपीग्राम्सवरची तक्रार साधारण २१ दिवसांत निकाली निघायला हवी. उत्तर पटले नाही तर त्याच पोर्टलवर अपील करता येते. अपिलात नव्याने कहाणी सांगू नका. उत्तरातले कोणते वाक्य तुमच्या नोंदीशी जुळत नाही ते तारीख-वेळेसह लिहा आणि त्या दिवसाचा सिग्नल पानाचा फोटो जोडा.