दंतुर कवक

दंतुर कवक : टोपीखाली पापुद्रे किंवा छिद्रे नसून लोंबते काटे असलेल्या कवकांचे सोयीचे नाव. हे काटे म्हणजेच ‘दात’. बीजाणू त्यांच्यावरच तयार होतात आणि टोके कायम जमिनीकडे असतात. कार्ल लिनीअसने १७५३ मध्ये अशी कवके हायड्नम या एकाच प्रजातीत घातली. पुढे कळले, की दात वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे आले आहेत. हायड्नम हे शँटरेल या नरसाळ्यासारख्या अळंबीच्या जवळचे, तर दाढीसारखे लोंबणारे हेरिसियम रसुला या पापुद्रेवाल्या अळंबीच्या गोतावळ्यातले. म्हणून केवळ दात दिसले एवढ्यावर नाव ठरत नाही.

कोल्हापूरकडच्या माणसाची पहिली फसगत होते ती परदेशी चित्रांमुळे. त्यांत जमिनीवर उगवलेली, देठ-टोपीची दंतुर अळंबी असते. तिचे जगणे पाइन, ओक, बीच अशा झाडांच्या मुळांशी बांधलेले. राधानगरी-दाजीपूरच्या किंवा आंबा घाटाच्या नैसर्गिक जंगलात ही झाडे नाहीत; तिथे जांभूळ, अंजनी, हिरडा, ऐन. त्यामुळे इथे आधी पडलेले ओंडके आणि वाळक्या फांद्या पाहाव्यात. पावसाळ्यात फांदीच्या खालच्या अंगाला साय धरावी तसा पांढरट थर दिसतो आणि भिंगाखाली त्यावर चपटे, कातरलेले दात उठून येतात. इरपेक्सच्या गटातली कवके अशी असतात. त्यांची छिद्रे वाढताना फाटून दातांसारखी होतात, म्हणून थराची कोवळी कडही पाहावी.

हमखास गोंधळ होतो तो शिझोफायलमशी. वरून लवदार, पांढरट पंखाच ते. पण उलटून पाहिल्यास उभे चिरलेले पापुद्रे दिसतात, काटे नाहीत.

बीजाणूंचा रंग पाहण्यासाठी तुकडा दात खाली करून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर ठेवावा आणि रात्रभर वाटी पालथी घालावी. हायड्नम, हेरिसियमचा ठसा पांढरट उमटतो, हायड्नेलम या आणखी एका दंतुर कवकाचा तपकिरी. काळा कागद विसरला, तर पांढरा ठसा दिसतच नाही. लाकूड कोणत्या झाडाचे, तेही टिपून ठेवावे. नवशिके नेमके हेच टाळतात.

राधानगरी हे अभयारण्य असल्याने तिथून परवानगीशिवाय काही तोडून आणता येत नाही. खिशातला छोटा आरसा फांदीखाली धरून दातांचा फोटो घेता येतो. दंतुर कवकांत विषारी जाती थोड्या, ही ऐकीव खात्री पातेल्यापर्यंत नेऊ नये.