‘स्टुडंट’ की ‘प्युपिल’: ब्रिटनमधल्या परदेशी नर्सेस आणि वर्णभेदाची पार्श्वभूमी

लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगरहून ब्रिटनला जायची तयारी करणाऱ्या नर्सेसना ओईटी (इंग्रजीची परीक्षा), सीबीटी (संगणकावरची परीक्षा), ऑस्की (प्रात्यक्षिक परीक्षा) ही नावं तोंडपाठ असतात. तिथं पोचल्यावर आपल्याला कुठल्या पायरीवर उभं करतील आणि ती पायरी कशी तयार झाली, याची चर्चा मात्र फारशी होत नाही.

एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, 5 जुलै 1948 ला सुरू झाली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. नर्सेसचा तुटवडा पहिल्या दिवसापासूनच होता, म्हणून 1949 पासून कॅरिबियन बेटांवर सरकारी भरती सुरू झाली. 1955 पर्यंत 16 वसाहतींत भरतीची अधिकृत व्यवस्था उभी राहिली होती.

खरी मेख नोंदणीत होती. 1943 च्या कायद्यानं तिथं नर्सेसचे दोन दर्जे झाले. एसआरएनचं (स्टेट रजिस्टर्ड नर्स) शिक्षण तीन वर्षांचं, खालच्या दर्जाच्या एसईएनचं (स्टेट एनरोल्ड नर्स) दोन वर्षांचं. आपल्याकडची एएनएम (सहायक परिचारिका) कितीही अनुभवी असली, तरी जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग केल्याशिवाय तिला अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) होता येत नाही. हा फरक साधारण तसाच. एसईएनला वॉर्ड सिस्टर, म्हणजे आपल्याकडची परिसेविका, होण्याचा रस्ता बंद होता.

एसआरएन शिकणारी ‘स्टुडंट नर्स’ आणि एसईएन शिकणारी ‘प्युपिल नर्स’. मराठीत दोघीही विद्यार्थिनीच. जमैका-बार्बाडोसच्या मुलींनाही प्रवेशाच्या पत्रातल्या त्या एका शब्दाचं वजन कळलं नाही. एसआरएनला लागणारं शालेय शिक्षण झालेल्या कित्येकींना सरळ दोन वर्षांच्या कोर्सला बसवलं गेलं. वॉर्ड तोच, बेडपॅन तेच, रात्रपाळ्या तर जास्तच. बऱ्याच ठिकाणी फक्त गणवेशाचा किंवा पट्ट्याचा रंग वेगळा. फसगत झाल्याचं ध्यानात येईपर्यंत वर्ष उलटलेलं असायचं. त्यातून एसईएनचं प्रमाणपत्र त्यांच्या मायदेशात चालत नव्हतं. म्हणजे वर चढता येईना आणि नर्स म्हणून घरी परतताही येईना. काही रुग्ण काळ्या नर्सला अंगाला हात लावू देत नसत. तो अपमान डोळ्यांना दिसायचा तरी. प्रमाणपत्राचा दर्जा मात्र गुपचूप आयुष्यभराचा पगार ठरवून जायचा. आमच्या मते मोठा अन्याय हाच होता.

गयानाहून आलेल्या डॅफ्नी स्टील 1964 मध्ये एनएचएसमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय मेट्रन, म्हणजे अधिसेविका झाल्या. एनएचएस सुरू झाल्यापासून त्याला 16 वर्षं लागली. 1965 च्या वंशभेदविरोधी कायद्यात नोकरीचा विषयच नव्हता, तो 1968 ला आला. 1976 च्या कायद्यानं अप्रत्यक्ष भेदभावही कायद्याच्या कक्षेत आणला: नियम सगळ्यांना सारखा दिसतो, पण त्याचा फटका एकाच समाजाला जास्त बसतो आणि त्याला सबळ कारण देता येत नाही, तर तो बेकायदा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी नर्सिंगचं शिक्षण बदललं आणि एसईएनचा कोर्स हळूहळू बंद झाला. आधीच्या एसईएनना मात्र पुन्हा वेगळा कोर्स करून वर यावं लागलं.

2004 पासून एनएचएसमध्ये जुन्या पगारश्रेणींच्या जागी ‘बँड’ आले. नोंदणीकृत नर्स बँड 5 वर लागते, वॉर्ड मॅनेजर साधारण बँड 7 वर. 2015 पासून प्रत्येक ट्रस्टला, म्हणजे रुग्णालयं चालवणाऱ्या एनएचएसच्या संस्थेला, वांशिक समतेचे नऊ निकष मोजून दाखवावे लागतात. शॉर्टलिस्ट झालेल्यांपैकी गोऱ्या उमेदवाराची निवड होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दीडपट, हे त्यातूनच वर्षानुवर्षं समोर येत आहे. परदेशी नर्सेस बँड 5 वर साचून राहतात, त्याचं हे एक कारण.

आता परदेशांतून शिकून गेलेल्या नर्सेसमध्ये भारतातल्या सर्वाधिक आहेत, त्यामुळे नेमणुकीच्या पत्रातला शब्द आजही नीट वाचायला हवा. पिन नंबर, म्हणजे तिथला नर्स नोंदणी क्रमांक, मिळेपर्यंत बँड 3 की 4, आणि ऑस्की पास झाल्यावर बँड 5 कुठल्या तारखेपासून, हे पत्रात असावं. बँड 5 मध्ये पगाराचे तीन टप्पे आहेत. आठ वर्षं आयसीयूत काढलेली नर्सही अनेकदा पहिल्याच टप्प्यावर धरली जाते, कारण अनुभवाचं पत्र वेळेत दिलेलं नसतं किंवा तो अनुभव मोजायचं राहून जातं. वॉर्ड, खाटा, हाताळलेली यंत्रं, रुजू आणि कार्यमुक्त झाल्याच्या तारखा हे सगळं अधिसेविकेच्या सही-शिक्क्यानिशी इथूनच घ्यावं, आणि कुठला टप्पा देणार हे करारावर सही करण्याआधी ईमेलनं लेखी मागावं.