माध्यमिक वर्गात भावनिक कौशल्ये कशी आली?

माध्यमिक शाळेच्या वेळापत्रकात भावनिक कौशल्ये शिरली ती व्यसनमुक्तीच्या दारातून. सिगारेटचे दुष्परिणाम मुलांना तोंडपाठ होत, तरी हात पाकिटाकडे जाईच. म्हणून १९७० च्या दशकाअखेरीस अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ गिल्बर्ट बोट्विन यांनी मित्रांच्या आग्रहाला नकार देणे, चिंता आवरणे अशा गोष्टींचा वर्गात सराव सुरू केला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात दहा जीवनकौशल्यांची मांडणी केली आणि तो शब्द देशोदेशीच्या अभ्यासक्रमांत रुळला.

दुसरा प्रवाह याहून जुना. १९६८ मध्ये येल विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ जेम्स कोमर यांनी अमेरिकेतल्या न्यू हेवन शहराच्या दोन प्राथमिक शाळांत काम सुरू केले. त्यांचा रोख मुलांपेक्षा मोठ्यांवर होता: पालक, शिक्षक आणि समुपदेशक एकत्र बसून शाळा चालवतील, मग मुले आपोआप सावरतील. हा धागा पुढे मागे पडला, माझ्या मते विनाकारण. १९९० मध्ये मानसशास्त्रज्ञ सॅलोव्ही आणि मेयर यांनी भावनिक बुद्धिमत्तेची, म्हणजे स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखून हाताळण्याच्या क्षमतेची, संकल्पना मांडली, १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ती घरोघरी नेली आणि तयार पाठांचे संच निघू लागले.

२०११ मध्ये अशा २१३ शालेय उपक्रमांचा एकत्रित अभ्यास आला. मुलांची शैक्षणिक प्रगतीही सरासरी ११ शतमकांनी, म्हणजे शंभराच्या क्रमवारीत ११ पायऱ्यांनी, वाढल्याचे त्यात दिसले. हा आकडा सगळीकडे मिरवला गेला. त्यातले निम्म्याहून अधिक उपक्रम प्राथमिकचे होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

मोठ्या मुलांबाबत चित्र वेगळे निघाले. इंग्लंडने २००७ मध्ये माध्यमिक शाळांसाठी असा कार्यक्रम आणला. २०१० च्या मूल्यमापनात विद्यार्थ्यांवर ठळक परिणाम आढळला नाही. २०२२ मध्ये ८ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या प्रयोगात सजगतेचे, म्हणजे चालू क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याचे, पाठही नेहमीच्या तासांपेक्षा सरस ठरले नाहीत. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड यीगर यांचे म्हणणे असे, की पौगंडावस्थेत मानाची जाणीव तीव्र असते, आणि ‘राग आला की दहा आकडे मोज’ छापाचे धडे मुलांना बालिश वाटतात.

कॅलिफोर्नियातल्या पाच शाळांत मात्र उलटा प्रयोग झाला: पाठ मुलांना नव्हे, मोठ्यांना. गणिताच्या शिक्षकांनाच, चुकलेल्या विद्यार्थ्याची बाजू समजून घेण्याबद्दलचा छोटा ऑनलाइन पाठ दिला. २०१६ च्या त्या अहवालात त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी ४.८ टक्के मुले वर्षभरात निलंबित झाली. इतर शिक्षकांच्या वर्गांत हेच प्रमाण ९.६ टक्के होते.