बहिरी रिग आणि बोलकं वावर: हॅम रेडिओच्या रिसेप्शनची पार्श्वभूमी

‘रिग बहिरी आहे, काही ऐकूच येत नाही’ ही खेड्यातल्या हॅमची, म्हणजे परवाना घेतलेल्या हौशी रेडिओवाल्याची नेहमीची तक्रार. रिग म्हणजे त्याचा बोलायचा-ऐकायचा रेडिओ संच. मग कोणी सिग्नल आधीच वाढवणारा प्रीअँप जोडतं, कोणी कॉइल पिळत बसतं, कोणी रिग विकून दुसरी घेतं. विदर्भात, निदान चाळीस मीटरच्या, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या बँडवर, यातल्या कशानेच सहसा फरक पडत नाही. तो का पडत नाही हे कळायला रिसीव्हर जोखायची मापं कशी बदलत गेली ते पाहावं लागतं.

भारतातला हौशी रेडिओ १९२१ पासून, अमरेंद्रचंद्र गुप्तू यांच्या परवान्यापासून मोजतात. त्या काळी प्रश्न एकच होता: क्षीण सिग्नल कानापर्यंत यावा. त्याचं उत्तर एडविन आर्मस्ट्राँगने १९१८ मध्येच सुपरहेटरोडाइनच्या रूपाने दिलेलं होतं. येणारी कोणतीही फ्रिक्वेन्सी एका ठरावीक मधल्या फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे आयएफवर आणायची आणि वाढवणं, गाळणं हे मुख्य काम तिथे करायचं. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि हौशी परवाने बंद पडले. युद्ध संपल्यावर लष्कराचे निकाली काढलेले सेट बाजारात आले, आणि पुढे बरीच वर्षं अनेक हॅमांचा हात त्यांच्यावरच बसला.

तेव्हा रिसेप्शन सुधारणं म्हणजे अलाइनमेंट, सेटमधल्या कॉइल एकमेकींशी जुळवणं. तालुक्याच्या गावी बसणारा रेडिओ मेकॅनिकही तेच करायचा. आधी आयएफटीचे, म्हणजे आयएफच्या कॉइलचे गाभे फिरवून ४५५ किलोहर्ट्झवर आवाज चढवायचा. मग डायलच्या खालच्या टोकाला ऑसिलेटर कॉइलचा गाभा, वरच्या टोकाला गँगवरचा (डायलने फिरणाऱ्या कंडेन्सरवरचा) ट्रिमर. पुन्हा खाली, पुन्हा वर, कारण एक टोक जुळवलं की दुसरं थोडं सरकतंच. पेचकस प्लास्टिकचा हवा. लोखंडी टोक कॉइलजवळ गेलं की तिचं इंडक्टन्स बदलतं, आणि पेचकस बाहेर काढला की जुळवलेलं सगळं निसटतं. ही विद्या गावोगाव होती. हॅमसाठी मात्र परीक्षा, मोर्स, पोलीस चौकशी आणि दिल्लीहून येणारा परवाना लागे. मेकॅनिक भरपूर आणि हॅम मोजके राहिले, ते माझ्या मते यामुळेच.

या अलाइनमेंटच्या काळातून ‘किती मायक्रोव्होल्टला ऐकू येतं’, म्हणजे किती क्षीण सिग्नल पकडतो, हे माप रूढ झालं, आणि ते अजून लोकांच्या डोक्यातून जात नाही. शॉर्टवेव्हच्या खालच्या बँडवर त्याला फारसा अर्थ नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या सूत्राप्रमाणे ग्रामीण भागातला मानवनिर्मित गोंगाट ७ मेगाहर्ट्झला उष्णतेच्या मूळ गोंगाटापेक्षा सुमारे ४४ डेसिबेल वर असतो. बऱ्यापैकी बनवलेल्या रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट त्याच्या कितीतरी खाली राहतो. खात्री करायला यंत्रही लागत नाही: अँटेनाची पिन काढा. स्पीकरमधली खरखर स्पष्ट खाली गेली तर रिसीव्हर पुरेसा संवेदनशील आहे, प्रीअँपने फक्त गोंगाट मोठा होईल.

दुसरं माप आलं ते बलवान सिग्नलांमुळे. नागपूर आकाशवाणीचं मीडियम वेव्ह केंद्र ५८५ किलोहर्ट्झवर ३०० किलोवॉटचं. त्यात १९८८ मध्ये राष्ट्रीय प्रसारणासाठी १५६६ किलोहर्ट्झवर एक मेगावॉटचा प्रक्षेपक आला. अशा प्रक्षेपकाच्या आसपास साध्या रिसीव्हरचं पहिलं मिक्सर, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून आयएफवर आणणारा टप्पा, गुदमरतं आणि जिथे कोणीच बोलत नाही तिथे भुताटकीसारखी स्टेशनं उमटतात. चाळीस मीटरवर तर शेजारच घातक होता. ७.१ ते ७.२ मेगाहर्ट्झमध्ये परदेशी प्रसारण केंद्रं ठाण मांडून होती. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेच्या निर्णयानुसार ती २९ मार्च २००९ पर्यंत हलायची होती. त्याआधीची संध्याकाळ ज्यांनी ऐकली आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

तगड्या सिग्नलांच्या गर्दीत क्षीण सिग्नल टिकतो का, याला डायनॅमिक रेंज म्हणतात. ती हौशी माणसाने घरच्या बाकावर कशी मोजावी हे वेस हेवर्ड यांनी १९७५ मध्ये क्यूएसटी या अमेरिकन हॅम मासिकात मांडलं. दोनच वर्षांनी रॉब शेरवूड यांनी दाखवलं की बलवान स्टेशन २० किलोहर्ट्झ दूर ठेवून मोजलेला आकडा फसवा असतो; ते २ किलोहर्ट्झवर आणलं की नावाजलेल्या रिगही कोसळतात. कारण पहिल्या आयएफमधली गाळणी रुंद असते, शेजारी त्यातून सहज आत शिरतो. आजही रिग घेताना मी आधी हा २ किलोहर्ट्झचा आकडा पाहतो, मायक्रोव्होल्ट नंतर.

आपल्याकडे तयार रिग परवडणं हाच प्रश्न होता. १९८४ मध्ये आयात शुल्कात सूट मिळाली तरी खेड्यातल्या शिक्षकाला जपानी रिग दूरच राहिली. फरक पाडला तो हैदराबादच्या अशर फरहान यांच्या बिटएक्स या घरी जोडता येणाऱ्या रिगने, आणि २०१६ पासून बिटएक्स-४० च्या तयार बोर्डाने. यात क्रिस्टलची शिडीसारखी गाळणी असते. स्वतः जोडायची तर एकाच लॉटमधले क्रिस्टल आणून जवळजवळ सारख्या फ्रिक्वेन्सीचे निवडावे लागतात. बीएफओ (आवाज परत मिळवण्यासाठी लागणारा ऑसिलेटर) गाळणीच्या कडेवर नेमका बसला नाही तर आवाज एक तर घुमतो, नाहीतर पत्र्यासारखा येतो. ते कानानेच जुळवायचं.

तिसरं माप रिगच्या बाहेरचं आहे, आणि विदर्भात तेच निर्णायक ठरतं. रानडुकरं आणि रोही आत येऊ नयेत म्हणून वावराभोवती लावलेली झटका मशीन साधारण सेकंदाला एक ठोका देते. तार ओल्या गवताला टेकली की ठिणगी पडते आणि तो ठोका रिगमध्ये टक-टक ऐकू येतो. ११ केव्हीच्या खांबावर इन्सुलेटर सैल असला की सलग गुरगुर. सोलर पंपाचा कंट्रोलर ऊन चढलं की सुरू, दिवस मावळला की गप्प. लोडशेडिंगच्या काळात लाइन गेली की बॅटरीवर बसलेल्या हॅमला बँड एकदम स्वच्छ मिळायचा. त्या गैरसोयीचा तेवढा एक फायदा होता.

हे मोजायला रिगवर एस मीटर, म्हणजे सिग्नलचा जोर दाखवणारा काटा आहे, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नये. १९८१ च्या शिफारशीप्रमाणे शॉर्टवेव्हवर एस-९ म्हणजे ५० मायक्रोव्होल्ट आणि प्रत्येक पायरी ६ डेसिबेलची. बऱ्याच रिगांचे काटे, विशेषतः एस-५ च्या खाली, हे पाळत नाहीत. रिगमधला सिग्नल कमी करणारा अ‍ॅटेन्युएटर किती डेसिबेलचा आहे ते माहीत असतं, तो टाकून काटा किती उतरतो ते एकदा लिहून ठेवावं. मग पंप चालू असताना आणि बंद असताना, कुंपण चालू असताना आणि बंद असताना काटा कुठे असतो ते पाहावं. झटक्याच्या टकटकीवर नॉइज ब्लँकर (ठोक्याच्या क्षणापुरता रिसीव्हर बंद करणारं सर्किट) चालतो, मात्र शेजारी जोरदार स्टेशन असेल तर तोच ब्लँकर आवाज फाडतो. कंट्रोलरवर तो काहीच करत नाही. तिथे पॅनेलकडून येणाऱ्या आणि मोटारीकडे जाणाऱ्या वायरी फेराइटच्या कड्यातून चार-पाच वेढे देऊन न्याव्या लागतात, आणि वीस मीटर लांबीचा तारेचा अँटेना, म्हणजे डायपोल, विहिरीपासून लांब, वावराच्या दुसऱ्या धुऱ्यावर न्यावा लागतो.