गाडीत कंपनीने दिलेल्या स्टिरिओवरचे ‘५० वॅट × ४’ म्हणजे नेमके किती?

म्हापशातल्या आमच्या कार ऑडिओच्या दुकानात येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न वॅटचाच असतो. “गाडीच्या माहितीपत्रकात २०० वॅट लिहिलंय, मग आवाज असा का?” नाहीतर, “३५० वॅटचे स्पीकर मागवलेत, फक्त बसवून द्या.” हे दुसरं ऐकलं की आम्ही हातातलं काम बाजूला ठेवून आधी बोलतो. तेच बोलणं इथे लिहून देत आहोत.

‘५० वॅट × ४’ हा आकडा हवेतून आलेला नाही, पण तो गाणं वाजतानाचाही नाही. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात आणि स्पीकर बहुधा ४ ओहमचा असतो. १४.४ गुणिले १४.४, भागिले ४, म्हणजे जवळजवळ ५२. डेकमधली, म्हणजे डॅशबोर्डातल्या स्टिरिओमधली, चिप पार शेवटापर्यंत ताणली तर निघणारी ही ताकद. तेव्हा स्पीकरमधून सूर नाही, खरखर येते. स्वच्छ आवाजात, सलग वाजताना तोच डेक एका स्पीकरला १५ ते २० वॅट देतो. याला आरएमएस म्हणतात आणि आम्ही हिशेब याच आकड्यात करतो. अमेरिकेत २००३ साली सीईए-२००६ (आता सीटीए-२००६) हे मापन ठरलं: १४.४ व्होल्ट, ४ ओहम, आवाजातली विकृती १ टक्क्याच्या आत. ॲम्पच्या (ॲम्प्लिफायरच्या) खोक्यावर ते नाव असेल तर त्यावरचा आरएमएस आकडा विचारात घ्या. ‘पीएमपीओ’ या नावाने छापलेल्या फुगीर आकड्याला ठरलेलं मापच नाही, तो वाचूही नका.

पटत नसेल तर डेकचा फ्यूज बघा. बऱ्याच डेकना १० अँपियरचा असतो. १० गुणिले १४.४, म्हणजे सलग आत येऊ शकते ती वीजच १४४ वॅट. त्यातली निम्मी चिप तापण्यात जाते. राहिलेली चार स्पीकरांत वाटून बघा.

आता ज्यात तुमचा आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो ती चूक. स्पीकरच्या खोक्यावरचे वॅट म्हणजे त्याचा आवाज नव्हे. स्पीकर वॅट तयार करत नाही, किती सोसू शकेल तेवढं खोक्यावर लिहिलेलं असतं, आणि मोठ्या अक्षरातला आकडा बहुधा ‘पीक’चा, म्हणजे क्षणभरच सोसण्याचा असतो. कळशी मोठी आणली म्हणून नळाला पाणी जास्त येत नाही.

गेल्या चतुर्थीच्या आधी पेडण्याहून एक गिऱ्हाईक असेच मोठ्या वॅटच्या स्पीकरांच्या दोन जोड्या घेऊन आले. चारही डोअर पॅड (दाराची आतली आवरणं) काढले, कपलर (वायर जोडायचे खटके) जोडले, त्यांच्याच फोनमधली घुमट (मातीचं तालवाद्य) आरती लावली. कंपनीच्या हलक्या कागदी कोनावर (स्पीकरच्या थरथरणाऱ्या शंकूवर) घुमटाची थाप भरीव येत होती, नव्या जड कोनावर ती टकटक झाली. व्हॉल्यूम वाढवला तर झांज फाटायला लागली. जुने स्पीकर परत चढवेपर्यंत दुपार गेली आणि पॅडच्या तीन क्लिपा तुटल्या.

म्हणून खोक्यावर वॅटच्या आधी सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच वॅटवर स्पीकर किती मोठा वाजतो ते; ती डीबीत (डेसिबलमध्ये) लिहिलेली असते. ८९ डीबीऐवजी ९२ डीबीचा स्पीकर घेतलात, तर त्याच डेकवर दुप्पट वॅट मिळाल्यासारखा फरक पडतो. नुसत्या वॅटने आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. मोठ्या ब्रँडचं नाव लावलेल्या, वेगळा ॲम्प असलेल्या कंपनी सिस्टिममध्ये आणखी एक अडचण: स्पीकर कधी २ ओहमचे असतात. तिथे ४ ओहमचे लावले तर ताकद जवळजवळ निम्मी होते.

“दार उघडून करायच्या तपासणीचे पैसे कशाला?” असं विचारलं जातं. दार उघडलं की पॅडमागचा प्लॅस्टिकचा पडदा नीट परत चिकटवावा लागतो. आपल्याकडच्या पावसात काचेवरून दारात उतरणारं पाणी तोच आत येऊ देत नाही. घाईत बसवलेल्या दारांची ओली कार्पेट आम्ही दर जूनमध्ये वाळवतो. काम आमच्याकडे केलंत तर तपासणीची रक्कम बिलातून वजा होते. बाहेरून आणलेले स्पीकरही बसवतो, पण आवाज वाढेल याची हमी देत नाही.

खरंच भरीव आवाज हवा असेल तर कंपनीचा डेक तसाच ठेवा. ५० वॅट आरएमएसचा चार चॅनेलचा ॲम्प, पुढच्या दारांत चांगली एक जोडी आणि दाराच्या पत्र्याला डॅम्पिंग (थरथर थांबवणारा थर) एवढ्यात काम होतं. मूळ वायर न कापता कपलरवर जोडणी करतो. मागचे स्पीकर बदलायचा आग्रह आम्ही धरत नाही.

खरेदीच्या आधी गाडी घेऊन या, तुमची नेहमीची गाणी आणा. दुकानात लावलेल्या दोन-तीन जोड्या त्यांच्यावरच ऐकवतो. शुक्रवारी बाजारामुळे गाडी लावायला जागा नसते, इतर दिवशी सकाळी यावं. चतुर्थीच्या आधीच्या पंधरवड्यात फोन करून वेळ ठरवल्याशिवाय काम घेता येत नाही.