पाणीखात्यांची जोडी: एका शहरानं दुसऱ्या शहराला शिकवायचं, ही पद्धत आली कुठनं?

"पाणीपुरवठ्यासाठी आंतरराष्ट्रीय भागीदारी" असं वाचलं की आपल्या सांगली-साताऱ्याकडच्या माणसाला पहिल्यांदा काय आठवतं, तर अभ्यास दौरा. म्हणजे चार पदाधिकारी, दोन इंजिनिअर, परदेशातल्या फिल्टर हाऊससमोर एक फोटो आणि परत आल्यावर नळाला पाणी पहिल्यासारखंच एक दिवसाआड. ही शंका चुकीची नाही. पण या भागीदाऱ्या मुळात दौऱ्यासाठी निघाल्या नव्हत्या, त्यामागं बराच मोठा वाद आहे आणि तो कळला की आपल्याकडं हे का रुजत नाही ते पण कळतं.

सुरुवात १९७७ पासून धरू. अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता गावी युनोची पाण्यावरची पहिली मोठी परिषद झाली, त्यातून १९८१ ते १९९० हे "पेयजल व स्वच्छता दशक" ठरलं. दहा वर्षात सगळ्यांना पाणी द्यायचं असा बेत होता. पैसा आला, धरणं झाली, टाक्या बांधल्या, पाईपा पुरल्या, आणि दशक संपलं तरी कोट्यवधी लोक तहानलेलेच. कारण टाकी बांधणं सोपं असतं हो, ती वीस वर्षं नीट चालवणं अवघड. गळती कोण शोधणार, मीटर कोण वाचणार, पाणीपट्टी कोण वसूल करणार, हे कुठल्या टेंडरमध्ये नसतं.

मग १९९२ साली डब्लिनला जाणकारांची परिषद झाली आणि तिथं पाण्याला आर्थिक मूल्य आहे असं तत्त्व मांडलं गेलं. वाक्य तसं साधंच, पण जागतिक बँकेनं आणि बड्या कंपन्यांनी त्याचा अर्थ असा घेतला की सरकारी पाणीखाती नालायक आहेत, कंपन्यांना द्या चालवायला. १९९३ ला ब्यूनस आयर्स दिलं, १९९७ ला मनिला. बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहरात पाण्याचे दर असे भडकले की २००० साली लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला करार रद्द करायला लागला. दिल्लीत २००५ च्या सुमारास जागतिक बँकेच्या पैशातून अशीच योजना यायची होती, ती विरोधामुळं बारगळली. आणि लांब कशाला, आपल्या लातूरचं पाणी २००८ च्या आसपास खाजगी कंपनीकडं चालवायला दिलेलं, मीटरवरनं लोकांनी एवढं रान उठवलं की शेवटी तो करार गुंडाळला. लातूरवर परत येऊ.

म्हणजे २००० नंतर घोळ असा झाला की सरकारी खातं चालेना आणि कंपनी लोकांना नको. तिसरा रस्ता कुठला? तो रस्ता खरं तर काही शहरांनी आधीच तुडवलेला होता, फक्त त्याला कुणी नाव दिलेलं नव्हतं.

एक उदाहरण स्टॉकहोमचं. सोव्हिएत युनियन फुटल्यावर स्वीडनच्या या राजधानीच्या पाणीखात्यानं समुद्रापलीकडच्या रिगा (लाटव्हिया) आणि कौनास (लिथुआनिया) या शहरांच्या पाणीखात्यांशी जोडी जमवली. दानधर्म म्हणून नाही बरं का. कौनासला १९९९ पर्यंत मैलापाण्याचं शुद्धीकरण केंद्रच नव्हतं, सगळं जसंच्या तसं नेमुनास नदीत आणि तिथनं बाल्टिक समुद्रात, जो स्टॉकहोमच्या पण दारात आहे. आपली घाण साफ केली तरी शेजाऱ्याची येतेच, मग शेजाऱ्याला शिकवलेलं स्वस्त पडतं. हे सांगलीकराला वेगळं समजावून सांगायला नको. वाई, माहुली, कराड सगळं वर, कृष्णा वाहत खाली आमच्याकडं, आणि त्यात भर म्हणून शहराची घाण नदीत आणून सोडणारा आमचा स्वतःचा शेरीनाला. आमच्याकडनं पुढं ती कर्नाटकात जाते, तिथल्या लोकांच्या दृष्टीनं आम्ही वरचे.

दुसरं उदाहरण नॉम पेन्हचं, आणि इथं जरा थांबतो, कारण या सगळ्या इतिहासात मला हे सगळ्यात भारी वाटतं. कंबोडियाची ही राजधानी यादवीनं पार मोडलेली. १९९३ ला "एक सोन चान" (यातलं "एक" पण नावातलंच) हे पाणीखात्याचे प्रमुख झाले तेव्हा सोडलेल्या पाण्यापैकी सुमारे ७२ टक्के पाण्याचा पैसाच येत नव्हता, गळती आणि चोरी मिळून, आणि चोरीत खात्याचीच माणसं सामील. पाणी दिवसातनं दहाएक तास. साहेबांनी आधी घरातलं साफ केलं, चोर कर्मचारी काढले, मग मीटर लावायला घेतले. एका जनरलच्या घरी मीटर बसवायला गेले तर त्यानं डोक्याला पिस्तूल लावलं, हे परत फिरले आणि बंदूकधारी शिपाई घेऊन येऊन त्याचं पाणी तोडलं. आपल्याकडं माजी सभापतीच्या पाहुण्याचं बेकायदा कनेक्शन तोडताना काय होतं ते आठवा.

पण नुसत्या धाडसानं गळती सापडत नाही. १९९९ पासून जपानच्या किताक्युशू महापालिकेच्या पाणीखात्यानं आपली माणसं नॉम पेन्हला पाठवायला सुरुवात केली. सल्लागार कंपनीची नव्हे, रोज पाणी सोडणाऱ्या खात्यातली. शहराचं जाळं ब्लॉकमध्ये तोडायचं, प्रत्येक ब्लॉकच्या तोंडाला मीटर बसवायचा आणि आकडे सतत एका जागी बघायचे, हे त्यांनी शिकवलं. यातली गंमत रात्री दोन-तीनला कळते. सगळा भाग झोपलेला असतो, कुणी नळ सोडत नाही, तरी ब्लॉकच्या तोंडावरचा मीटर फिरतोय म्हटल्यावर ते पाणी जमिनीत मुरतंय किंवा कुठंतरी चोरून चाललंय. मग सगळं गाव खणत बसायला लागत नाही, त्या एका ब्लॉकपुरतीच माणसं रात्री फिरतात, लोखंडी दांडीचं एक टोक पाईपवर आणि दुसरं कानाला, फुसफुस ऐकत. दहा-पंधरा वर्षात ७२ टक्क्यांचे सहाच्या आसपास आले, पाणी चोवीस तास झालं. चान यांना २००६ ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्याच २००६ च्या मार्चमध्ये मेक्सिको सिटीत जागतिक पाणी मंचावर या पद्धतीला अधिकृत नाव मिळालं. कोफी अन्नान यांनी २००४ ला पाणी आणि स्वच्छतेवर एक सल्लागार मंडळ नेमलेलं, अध्यक्ष जपानचे माजी पंतप्रधान र्युतारो हाशिमोतो. त्यांनी जो कृती आराखडा दिला त्यातली मुख्य सूचना म्हणजे वॉटर ऑपरेटर्स पार्टनरशिप. हिशोब साधा होता. कंपन्यांवरनं एवढी भांडणं चाललीत, पण जगातलं नळाचं नव्वद टक्क्यांच्या वर पाणी सरकारी खातीच देतात, मग त्यांनाच सुधारल्याशिवाय पर्याय काय? चांगल्या खात्यानं कच्च्या खात्याला शिकवायचं, नफा घ्यायचा नाही, झालेला खर्च तेवढा कुणीतरी द्यायचा. हाशिमोतो त्याच वर्षी जुलैमध्ये वारले. पुढं मंडळाचं अध्यक्षपद हॉलंडच्या राजपुत्राकडं गेलं, जे आता तिथले राजे आहेत.

२००९ ला युनो-हॅबिटाटच्या छत्राखाली या भागीदाऱ्यांची जागतिक संघटना उभी राहिली, तिचं ऑफिस काही वर्षं बार्सिलोनात होतं, आता जर्मनीत बॉनला. आशियाई विकास बँकेनं आशियातल्या शहरांच्या जोड्या लावायला घेतल्या. पैशाचा प्रश्न फ्रान्सनं छान सोडवला, २००५ च्या कायद्यानं तिथल्या पाणीखात्यांना आपल्या पाण्याच्या बजेटमधला एक टक्क्यापर्यंत पैसा परदेशातल्या पाण्याच्या कामाला द्यायची मुभा मिळाली. हॉलंडच्या सगळ्या सार्वजनिक पाणी कंपन्यांनी मिळून २०१७ ला एक कार्यक्रम काढला, २०३० पर्यंत एक कोटी लोकांपर्यंत पाणी पोचवायचं ठरवून. आणि २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत सहावं उद्दिष्ट पाण्याचं, त्यात आंतरराष्ट्रीय सहकार्य वाढवायचं वेगळं कलमच आहे.

सगळं गोडगोड झालं असं मात्र नाही. घानात डच आणि दक्षिण आफ्रिकेच्या पाणी कंपन्यांनी मिळून २००६ ते २०११ शहरांचं पाणी चालवायचा ठेका घेतला होता, त्या पण सरकारी मालकीच्याच, तरी जमलं नाही आणि मुदत संपल्यावर करार वाढवला नाही. शिकवायला येणं वेगळं आणि ठेका घेऊन चालवायला येणं वेगळं, माझं तरी हेच मत आहे.

आता आपल्याकडं. भारतात ही कल्पना अडते ती एका साध्या जागी. जोडी लावायला दोन्हीकडं पाणीखातं म्हणून स्वतंत्र काहीतरी लागतं, त्याचा वेगळा हिशोब, स्वतःची माणसं. चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद, दिल्ली इथं असं वेगळं मंडळ आहे. आपल्या महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी योजना जीवन प्राधिकरण आखतं आणि बांधतं, चालवायला नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडं देतं, आणि पाणीपट्टी नगरपालिकेच्याच तिजोरीत बाकी सगळ्या करांसोबत. परदेशी पाहुण्यानं शिकवायचं कुणाला? मुख्याधिकारी दोन-तीन वर्षात बदलून जाणार. कायम राहणार तो व्हॉल्व्हमन, ज्याला कुठल्या गल्लीत किती आटे फिरवले की शेवटच्या घरापर्यंत पाणी पोचतं हे तोंडपाठ आहे, कुठला व्हॉल्व्ह डांबराखाली गेलाय ते पण त्यालाच माहीत, नकाशात नाही. तो रिटायर झाला की शहराचा अर्धा नकाशा गेला. आणि अभ्यास दौऱ्याच्या यादीत त्याचं नाव कधी असतं?

साताऱ्याचं बघा. कास तलावाचं पाणी डोंगरावरनं उताराने येतं, लाईट बिल नाही. शहापूर योजनेचं उरमोडीतनं उपसून आणायला लागतं, तिथं वीज गेली की पाणी गेलं. म्हणजे एकाच शहरात दोन पाण्यांचे दोन खर्च, आणि गळती कुठल्या पाण्याची किती हे ब्लॉकनिहाय मोजल्याशिवाय पैसा कुठं मुरतोय ते सांगता येत नाही.

आणि ज्यांनी मोजलं ते तर आपल्या शेजारीच आहेत. कराडला चिकटलेलं मलकापूर. कोयनेचं पाणी, घराघरात लांबनं वाचता येणारे मीटर, जेवढं जास्त वापराल तेवढा चढता दर, आणि २००९ च्या आसपासपासून चोवीस तास पाणी. पंतप्रधान पुरस्कार मिळाला. चोवीस तास म्हणजे उधळपट्टी असं लोकांना वाटतं, पण होतं उलटं, पाणी कधीही येणार म्हटल्यावर पिंपं भरून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी शिळं म्हणून मोरीत ओतायची गरज राहत नाही, मोटर लावून खेचायचं कारण उरत नाही, आणि पाईप कायम भरलेला असल्यामुळं गटारीचं पाणी आत ओढलं जात नाही. पावसाळ्यात ज्यांच्या गल्लीत कावीळ येते त्यांना हा शेवटचा मुद्दा लगेच कळेल.

आता लातूर. एप्रिल २०१६ ला मिरजेतनं लातूरला रेल्वेनं पाणी गेलं ते सगळ्यांना आठवत असेल. कृष्णेचं पाणी, कोट्याहून धुऊन आणलेल्या वाघिणी, पहिल्या गाडीला दहा आणि पाच लाख लिटर, नंतर पन्नास वाघिणी आणि पंचवीस लाख. रेल्वे, महापालिका, दोन्ही जिल्ह्यांचं प्रशासन, सगळे रात्रंदिवस राबले. दोन शहरांत पाण्यावरनं एवढं जवळचं काम महाराष्ट्रानं क्वचितच बघितलं असेल. पण ती मदत होती, तहान भागली, पाऊस पडला, गाडी थांबली. त्यानंतर मिरजेच्या आणि लातूरच्या पाणी विभागातल्या माणसांनी वर्षातनं चार दिवस एकमेकांकडं जाऊन जाळं कसं मोजायचं, मीटरला विरोध होतो तेव्हा लोकांशी काय बोलायचं, हे बघायची सोय कुणी केली असती तर तीच वॉटर ऑपरेटर्स पार्टनरशिप झाली असती, बॉनला न विचारता. सांगली ते मलकापूर तर एसटीनं जाऊन संध्याकाळी घरी येता येतं. व्हॉल्व्हमनला त्या दिवसाची ड्युटी धरून भत्ता द्यायचा, एवढाच ठराव लागतो.